अनुदानाची अट: बोले ठरावापासून स्मार्ट सिटीपर्यंत

सरकारी अनुदान हे कुणाचे उपकार नसतात. तो जनतेचा पैसा असतो आणि तो देताना सरकार अटी घालते. प्रश्न एवढाच की त्या अटी कुणाच्या हिताच्या असतात? आपल्या चळवळीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे तो सांगत होता. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण कागदावरच! म्हणून 5 ऑगस्ट 1926 रोजी बोलेंनी पुढचा ठराव मांडला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड अंमलबजावणी करणार नाही, तिचे अनुदान बंद करा. दुखरी नस त्यांनी नेमकी ओळखली होती. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावेच लागले.

सोलापूरचेही एक उदाहरण आहे. 4 जानेवारी 1925 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने इथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सोलापूर नगरपालिकेने त्याला 40 रुपयांचे अनुदान दिले. रक्कम छोटी, पण शहराचा पैसा बहिष्कृतांच्या मुलांपर्यंत पोचला.

आता आजचे पाहू. 28 जानेवारी 2016 रोजी स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले. केंद्राकडून प्रत्येक शहराला पाच वर्षांत 500 कोटी, तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेचा. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, पार्क मैदानावरचे इंदिरा गांधी स्टेडियम अशी शहराच्या मध्यभागातली कामे निघाली. या पैशालाही अटी होत्या: स्वतंत्र कंपनी स्थापन करा, कामाची प्रगती दाखवा, विनियोग प्रमाणपत्र द्या. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द मार्गदर्शक सूचनांत आहे. पण रस्त्यावर बसणारा चर्मकार, भाजीवाली किंवा सफाई कामगार यांना त्यातून काय मिळाले, यावर पुढचा हप्ता अडत नव्हता. 1926 ची मागणी होती तीच.

कंपनीचा कारभार संचालक मंडळ पाहते, महासभा नाही. मार्च 2022 पासून तर काही वर्षे महापालिकेत प्रशासकच होते. म्हणजे आपल्या राखीव जागेवरून निवडून आलेला नगरसेवकही प्रश्न विचारायला सभागृहात नव्हता.

सुशोभीकरणाला आपला विरोध नाही. तलावाकाठी बसायचा हक्क आपल्या पोरांनाही आहे. पण सुशोभीकरण म्हणजे गरिबाला नजरेआड करणे, हे मान्य नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय विक्रेत्याला हटवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले हवेत.

मिशनची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपली. उद्या दुसऱ्या नावाने पैसा येईल. तेव्हा तरुणांनी माहिती अधिकारात दोन प्रश्न टाकावेत: या कामासाठी कुणाला हटवले? आणि त्यांना जागा कुठे दिली? उत्तर मिळत नसेल तर बोलेंची मागणी आपण पुन्हा करू. आधी हक्क, मग हप्ता.

जय भीम!