अकरा मुलांची आई आणि स्वयंपाकघरांतील पावलें

सकाळीं चूल पेटल्यापासून रात्रीं शेवटचें भांडें फळीवर पालथें पडेपर्यंत घरांतील बाई किती चालते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. हमालानें किती पोतीं वाहिलीं, विणकरानें किती वार कापड विणलें, हें मोजलें जातें. कारण त्यावर मजुरी ठरते. स्वयंपाकघरांतल्या चालण्याला मजुरी नाहीं, म्हणून त्याला मोजमापहि नाहीं. डाळीचा डबा एका भिंतीशीं, पातेलें दुसऱ्या भिंतीशीं आणि पाणी तिसऱ्या कोपऱ्यांत, अशा त्रिस्थळी यात्रेंत पिढ्यान् पिढ्या गेल्या. ही यात्रा मोजण्याचें काम विसाव्या शतकांत ज्यांनीं मनावर घेतलें, त्यांत अमेरिकेंतील लिलियन गिलब्रेथ या बाईंचें नांव अग्रभागीं येतें. त्या व्यवस्थापनशास्त्रज्ञ होत्या, मानसशास्त्राच्या पंडिता होत्या आणि अकरा मुलांच्या आईहि होत्या. या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यांत कशा गुंफल्या गेल्या, ही हकीकत प्रत्येक संसारी माणसानें ऐकण्यासारखी आहे.

गृहव्यवस्था हा अभ्यासाचा विषय आहे, ही कल्पना मात्र त्यांच्याहि पूर्वींची. अमेरिकेंत सन १८४१ मध्यें कॅथरिन बीचर यांनीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला, आणि सन १८६९ मध्यें आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो यांच्यासह दुसरा प्रसिद्ध केला. त्यांत जिन्नस, भांडीं व काम करण्याची जागा जवळजवळ आणणाऱ्या आटोपशीर स्वयंपाकघराचा आराखडा होता. सन १९१३ च्या सुमारास क्रिस्टीन फ्रेडरिक यांनीं कारखान्यांतील शास्त्र घरांत आणण्याचा पुरस्कार मासिकांतून व पुस्तकांतून केला. जर्मनींत फ्रँकफुर्ट शहरीं सन १९२६ मध्यें मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशास्त्रज्ञ बाईंनीं नव्या वसाहतींसाठीं एक चिमुकलें स्वयंपाकघर रचलें. तसलीं सुमारें दहा हजार बांधलीं गेलीं. या परंपरेंत गिलब्रेथबाईंचें वैशिष्ट्य असें कीं, हें शास्त्र त्यांना स्वतःचें भरलेलें घर पोसण्यासाठीं वापरावें लागलें.

लिलियनबाईंचा जन्म २४ मे १८७८ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें झाला. माहेर सुखवस्तु. भावंडें पुष्कळ आणि त्यांत ह्या वडील, म्हणून धाकट्यांना सांभाळण्याची संवय लहानपणापासूनच लागलेली. मुलींना विद्यापीठाचें शिक्षण कशाला, असें म्हणणाऱ्या वडिलांचें मन वळवून त्यांनीं सन १९०० मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी मिळविली. १९ ऑक्टोबर १९०४ रोजीं त्यांचा विवाह फ्रँक गिलब्रेथ यांच्याशीं झाला. हे गृहस्थ कॉलेजांत न जातां गवंडीकामांत उमेदवारी करून वर आलेले. वीट रचतांना प्रत्येक गवंडी निराळ्या हालचाली करतो, आणि तोच गवंडी शिकवितांना एक तऱ्हा व घाईंत दुसरी तऱ्हा वापरतो, हें त्यांच्या नजरेंत भरलें. तेव्हां विटा व चुना गवंड्याच्या हाताशीं येतील आणि त्याला वांकावें लागणार नाहीं, अशी भिंतीबरोबर वर चढणारी परांची त्यांनीं तयार केली. अठरा हालचालींच्या जागीं पांच आल्या, आणि तासाला १२० विटा रचणारा गवंडी ३५० पर्यंत पोंचला.

लग्नानंतर पतिपत्नींनीं मिळून हाच व्यवसाय चालविला. कामगाराचें चलच्चित्र घ्यावयाचें, चित्रांत क्षणाचेहि भाग दाखविणारें घड्याळ ठेवावयाचें आणि मग एकेक हालचाल निरखावयाची, अशी त्यांची पद्धति होती. शोधणें, उचलणें, धरणें, नेणें, ठेवणें अशा सतरा-अठरा मूळ क्रियांत त्यांनीं सर्व हातकाम विभागलें. अशा क्रियेला त्यांनीं ‘थर्ब्लिग’ हें नांव दिलें. तें त्यांच्या आडनांवाचीच उलटापालट होय. त्या काळीं फ्रेडरिक टेलर यांच्या पंथाचे लोक हातांत घड्याळ घेऊन कामाचा वेग ठरवीत. गिलब्रेथ दांपत्याचा कटाक्ष निराळा होता. वायफळ हालचाल गेली म्हणजे वेग आपोआप वाढतो आणि माणूसहि कमी थकतो, असें त्यांचें म्हणणें. थकव्याच्या विषयावर त्यांनीं सन १९१६ मध्यें स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. या शास्त्रांत माणसाच्या मनाचा विचार आणला तो मुख्यत्वें बाईंनीं. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ सन १९१४ मध्यें निघाला. त्यावर त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें छापलीं होतीं. लेखक स्त्री आहे हें उघड होऊं नये, अशी प्रकाशकाची इच्छा! पुढच्याच वर्षीं ब्राउन विद्यापीठानें त्यांना डॉक्टरची पदवी दिली. त्या वेळीं घरांत अर्धा डझन मुलें होतीं.

पुढें मुलांची संख्या बारावर गेली. त्यांतील एक मुलगी सन १९१२ मध्यें घटसर्पानें गेली होती. बाकीचीं अकरा वाढलीं. न्यू जर्सींतील माँटक्लेअर गांवच्या त्यांच्या घरीं रविवारीं जेवणानंतर कुटुंबाची सभा भरे. कारखान्यांत मालक व कामगार यांची समिति असते, त्याच धर्तीवर ही सभा. सतरंजी कोणती घ्यावी, कुत्रा पाळावा कीं नाहीं, यावर वाद होत, मतें पडत आणि बहुमत पाळलें जाई. नेहमींचीं कामें वांटून दिलेलीं असत. जास्तीच्या कामासाठीं मुलांकडून बंद लखोट्यांत दर मागविले जात. ज्याचा दर कमी त्याला तें काम मिळे. न्हाणीघरांत तक्ते टांगलेले असत. दांत घासले, आंघोळ झाली, अंथरूण आवरलें, कीं मुलानें आपल्या नांवापुढें खूण करावी. मोठ्या भावंडानें एकेका धाकट्याची जबाबदारी घ्यावी. यांत वडिलांची हौस होती, थोडा हट्टहि होता. दोन मुलांनीं मिळून सन १९४८ मध्यें लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकानें हें घर जगाच्या ओळखीचें झालें, आणि लोक त्यावर पोटभर हंसले. परंतु या गमतीच्या पोटांत एक शिक्षण होतें. घर चालविणें हें आईवर लादलेलें ओझें नसून सर्वांचें सामाईक काम आहे, हें त्या मुलांना कोणी उपदेश न करतांच कळलें होतें.

त्या शिक्षणाची परीक्षा फार लवकर आली. १४ जून १९२४ रोजीं गिलब्रेथसाहेब हृदयविकारानें एकाएकीं वारले. वय अवघें ५५. लंडन व प्राग येथील परिषदांसाठीं ते थोड्याच दिवसांत निघावयाचे होते. थोरली मुलगी अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन वर्षांची. सर्वांना घेऊन कॅलिफोर्नियांत माहेरीं जाऊन राहण्याचा मार्ग मोकळा होता. बाईंनीं कुटुंबाची सभा बोलाविली. आईनें युरोपांत जावें, वडिलांचें काम पुढें न्यावें आणि तोंवर घर मुलांनीं सांभाळावें, असें ठरलें. आठवड्याच्या आंत बाई जहाजावर चढल्या आणि पतीच्या जागीं परिषदेंत उभ्या राहिल्या. इकडे नँटुकेट बेटावरच्या उन्हाळी घरांत मुलांनीं आपला संसार आपण चालविला. पैशाचा हिशेब, बाजार, धाकट्यांची देखरेख, सारें त्यांनीं आपसांत वांटून घेतलें.

परत आल्यावर खरी कसोटी पुढें ठाकली. पतीच्या हयातींत ज्यांनीं या दांपत्याचा सल्ला घेतला होता, त्यांपैकीं कित्येक कारखानदारांनीं करार पुढें चालविले नाहींत. कारखान्यांतील पुरुषांना एका बाईनें शिकवावें, हें त्यांना रुचेना. विद्वत्ता तीच, अनुभव तोच; परंतु दाराबाहेरची पाटी बदलली होती. बाईंनीं प्रथम राहत्या घरींच शिकवणीचे वर्ग काढले व निरनिराळ्या ठिकाणचे व्यवस्थापक तेथें येऊं लागले. मग त्यांचें लक्ष स्वयंपाकघराकडे वळलें. यंत्रशाळेचें दार बाईला बंद होतें; परंतु चुलीविषयीं बाईला विचारण्यास कोणाचीच हरकत नव्हती. ज्या समजुतीनें एक दार लावलें, तिनेंच दुसरें उघडलें. सन १९२७ मध्यें त्यांनीं गृहिणी व तिचें काम यांवर एक पुस्तक लिहिलें, आणि १९२८ मध्यें मुलांच्या संगोपनावर दुसरें.

सन १९२९ मध्यें ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठीं त्यांनीं एक नमुन्याचें स्वयंपाकघर रचलें. त्या कंपनीच्या अध्यक्षहि मेरी डिलन नांवाच्या एक बाईच होत्या. शेगडी आणि काम करण्याचा ओटा शेजारीं शेजारीं; जिन्नस त्यांच्या वर, भांडीं त्यांच्या खालीं; शीतकपाट एका पावलावर; आणि हवी तिकडे ओढून नेतां यावी अशी चाकांची एक घडवंची. मध्यें उभें राहून हात लांबविला कीं वस्तु मिळावी, अशी ही वर्तुळाकार मांडणी होती. परीक्षेसाठीं स्ट्रॉबेरीचा केक करून पाहण्यांत आला. जुन्या तऱ्हेच्या खोलींत त्याला ९७ क्रिया व २८१ पावलें लागलीं. नव्या मांडणींत ६४ क्रिया व ४५ पावलें. पदार्थ तोच, हात तेच, साहित्य तेंच; केवळ वस्तूंच्या जागा बदलल्या आणि दोनशें छत्तीस पावलें वांचलीं. हा हिशेब एका पदार्थाचा आहे. दिवसांतून तीन वेळां आणि वर्षांतून ३६५ दिवस ज्या घरांत पानें मांडावयाचीं असतात, तेथें त्याचा गुणाकार गृहिणीच्या पायांनाच ठाऊक!

पावलांइतकाच त्यांनीं उंचीचा विचार केला. ओटा सखल असला तर कंबर वांकते, उंच असला तर खांदे भरून येतात. एका विजेच्या कंपनीसाठीं त्यांनीं चार हजारांवर स्त्रियांना विचारून शेगडीची व मोरीची सोयीस्कर उंची शोधली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. पायानें झांकण उघडणारी केराची पेटी आणि शीतकपाटाच्या दारांतील फळ्या यांचें श्रेयहि त्यांनाच देण्यांत येतें. सन १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनांत त्यांनीं योजलेलें गृहिणीचें एक मेज मांडलें होतें. त्यावर घड्याळ, टेलिफोन, आंकडेमोडीचें यंत्र आणि घरच्या कागदपत्रांचे कप्पे होते. घर चालविणारीला हिशेबनिसाइतकाच बैठकीचा मान आहे, हें त्या मेजानें न बोलतां सांगितलें.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें नमूद केली पाहिजे. लिलियनबाई स्वतः स्वयंपाकांत मुळींच तरबेज नव्हत्या. त्यांच्या घरीं सासूबाई होत्या, स्वयंपाकपाणी पाहणारा नोकर होता, आणि त्याच मदतीमुळें त्यांना ग्रंथ लिहितां आले. ज्या घरीं नोकर नाहीं आणि आई दिवसभर बाहेर कामावर आहे, तेथें केवळ फळ्यांची फिरवाफिरव पुरी पडत नाहीं. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं सन १९८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, यंत्रें आलीं तरी गृहिणीचें काम म्हणावें तसें घटलें नाहीं. कपडे धुण्याचें यंत्र आलें, तेव्हां कपडे अधिक वेळां धुतले जाऊं लागले. आणि जीं कामें पूर्वीं पुरुष व मुलें करीत, त्यांतील बरींच नाहींशीं होऊन उरलेलीं सारीं आईच्याच वांट्याला आलीं. श्रम वांचविणाऱ्या वस्तूनें श्रम वांचतात हें खरें; पण वांचलेला वेळ कोणाच्या पदरांत पडतो, हें वस्तु ठरवीत नाहीं.

गिलब्रेथबाईंच्या कार्याचें मर्म या प्रश्नापाशींच आहे. नमुन्याच्या स्वयंपाकघराच्या कितीतरी आधीं त्यांच्या घरांत सभा भरत होती. आधीं कामाची वांटणी झाली, मग भांड्यांची मांडणी. म्हणूनच पती गेल्यावर तें घर उभें राहिलें, आणि पुढें अकराहि मुलांचें शिक्षण कॉलेजापर्यंत झालें. सन १९३५ मध्यें पर्ड्यू विद्यापीठानें त्यांना प्राध्यापक नेमलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं आपलें शास्त्र हृदयरोगानें दुर्बळ झालेल्या व अपंग गृहिणींसाठीं वापरलें. बसून काम करतां यावें, फार वर हात न्यावा लागूं नये, जड वस्तु उचलण्याऐवजीं सरकवितां यावी, अशीं स्वयंपाकघरें त्यांनीं सुचविलीं. निरोगी बाईची जी सोय, ती आजारी बाईचा आधार झाली. सन १९६५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. २ जानेवारी १९७२ रोजीं वयाच्या ९३ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. सन १९८४ मध्यें अमेरिकेनें त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट काढलें.

त्या पिढीच्या गृहशास्त्रज्ञांची एक साधी युक्ति कोणत्याहि घराला करून पाहण्याजोगी आहे. स्वयंपाकघराचा आराखडा कागदावर काढावा. काम करतांना जेथें जेथें थांबावें लागतें, तेथें तेथें टांचणी टोंचावी. आणि एका वेळच्या स्वयंपाकांत ज्या क्रमानें चालणें झालें, त्या क्रमानें टांचण्यांभोंवतीं दोरा ओढावा. गुंता दिसला कीं, कोणता डबा कोठें हलवावा हें आपोआप समजतें. हें झालें म्हणजे त्याच कागदाभोंवतीं घरांतील सर्वांनीं बसावें. पाणी भरणें, ताटें घेणें, भाजी निवडणें, उष्टीं काढणें यांपैकीं कोणतें काम वडिलांनीं उचलावें आणि कोणतें मुलांनीं, हें ठरवावें. दोरा आंखूड झाला हा पहिला लाभ. तो एकटीच्या पायाला बांधलेला राहिला नाहीं, हा दुसरा आणि मोठा.