हलू नका!

परवा मुलाने माझ्या छोट्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी ४५ मिमीची पोर्ट्रेट लेन्स आणून दिली. एफ १.८, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी. खिडकीशी शेंगा सोलत बसलेल्या सौ.चा फोटो काढला. बोलता बोलता ती हसली, ते हसू नेमकं टिपलं गेलं. मागचं कपाट पार पुसट!

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मन लगेच मागे धावलं. १८३९ साली फोटोग्राफी जगापुढे आली, तेव्हा माणसाला कित्येक मिनिटं हलायची चोरी होती. १८४० साली व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी हिशेब मांडून एफ ३.६ ची लेन्स रचली, फोग्टलेंडर यांनी ती घडवली. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं, आणि चेहऱ्यांचे फोटो खऱ्या अर्थाने सुरू झाले. १८५५ साली तर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला.

तरी 'हलू नका' ही दटावणी पुढे शंभर वर्षं टिकली. आमच्या आईचा एकच फोटो आहे, इथल्याच एका स्टुडिओतला, श्वास रोखून बसलेली. नातवंडांना वाटतं, पणजी फार कडक होती. खरं तर ती तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. ते आता फक्त मला ठाऊक.

सौ. म्हणते, "केस तरी विंचरू द्यायचे होते!"

नको. असाच राहू दे.