मराठी वाक्याची फोड

संस्कृत व्याकरणात वाक्याची फोड क्रियेपासून सुरू होते. पाणिनीने कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही सहा कारके सांगितली, ती क्रियेशी असलेल्या नात्यांवरून. वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडण्याची रीत निराळी. तिचे मूळ ग्रीक तर्कशास्त्रात आहे. जर्मन व्याकरणकार कार्ल फर्डिनांड बेकर याच्या मांडणीवरून जे. डी. मोरेल या शाळा तपासनिसाने १८५२ साली ती इंग्लंडमधील वर्गांसाठी पुस्तकरूपाने बेतून दिली. इंग्रजी शिक्षणाबरोबर ती मराठी शाळांतही रुजली आणि 'वाक्यपृथक्करण' हा व्याकरणाच्या तासाचा नेहमीचा भाग झाला.

मराठी व्याकरणाला मात्र दोन्ही परंपरा सांभाळाव्या लागल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हापासून १९११ च्या मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत ही ओढाताण दिसते. खरी अडचण प्रयोगांत, म्हणजे क्रियापद कर्त्याशी जुळते की कर्माशी या प्रश्नात, होती. 'राम आंबा खातो' येथे क्रियापद रामाच्या मागे जाते. 'रामाने चिंच खाल्ली' म्हणताच ते चिंचेच्या मागे जाते, आणि 'रामाने मांजराला मारले' यात कोणाच्याच मागे जात नाही. तिन्ही वाक्यांत क्रिया करणारा रामच. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही त्रयी संस्कृतातून आली खरी, पण मराठीत 'रामाने चिंच खाल्ली' हे भूतकाळाचे साधे, रोजचे वाक्य आहे.

शाळेत कर्ता शोधायची युक्ती ठरलेली: धातूला '-णारा' लावून प्रश्न विचारायचा. खाणारा कोण? राम. 'मला राग आला' यात येणारा कोण? राग. 'उजाडले' या वाक्यात मात्र विचारूनही कोणी सापडत नाही, म्हणून व्याकरणकारांनी भावकर्तृक क्रियापदांचा वेगळा वर्ग केला. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे, कारण साच्यात न बसणारे वाक्य त्यांनी टाकून दिले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषावैज्ञानिकांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. 'बातमी ऐकून मला राग आला' यात क्रियापद रागाशी जुळते, पण बातमी ऐकणारा 'मी'. 'रमेशला आपल्या भावाचा राग आला' यातले 'आपल्या'ही रमेशकडेच बोट दाखवते. म्हणजे कर्त्याची लक्षणे दोन पदांत वाटली गेली आहेत. रमेशसारख्या, भावना अनुभवणाऱ्या पण क्रियापदाशी न जुळणाऱ्या 'अनुभवकर्त्यां'ची चिकित्सा दक्षिण आशियातील इतर भाषांतही झाली. मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी १९९० साली त्यावरचा लेखसंग्रह संपादित केला.