दुकानात गाणी लावायला लायसन्स लागतं का?

मामाच्या सलूनमधला ब्लूटूथ स्पीकर कायम माझ्याच फोनला जोडलेला असायचा. मी ॲपचे पैसे भरतो, मग अडचण काय? पण ॲपच्या अटी वाचल्या आणि माझी चूक कळली.

स्पॉटिफाय किंवा यूट्यूब प्रीमियमचे पैसे आपण फक्त स्वतः ऐकण्यासाठी भरतो. दुकानात गिऱ्हाइकांसाठी गाणी लावली, की तो सार्वजनिक वापर होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्याला वेगळी परवानगी लागते.

परवानगी कोणाची?
एकाच गाण्यात वेगवेगळे हक्क असतात.
१) शब्द आणि चाल: यासाठी आयपीआरएस ही संस्था लायसन्स देते.
२) रेकॉर्डिंग: हा हक्क म्युझिक कंपनीचा. बऱ्याच कंपन्यांच्या वतीने पीपीएल लायसन्स देते.
म्हणून एक लायसन्स घेतलं की काम झालं, असं समजू नका. आपण लावतो ती गाणी कोणाकडे आहेत, ते आधी तपासा.

सूट कोणाला?
लग्नाची वरात, लग्नाचे समारंभ आणि धार्मिक विधी यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. सलून, कॅफे, जिम यांना ती मिळत नाही.

शिक्षा किती?
जाणूनबुजून नियम मोडला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

मामा आता लायसन्ससाठी अर्ज करतोय. तोवर सलूनचा स्पीकर बंद, आणि माझी गाणी माझ्या इयरफोनमध्ये!