एका डॉलरचा स्पॉन

१९९३ साली अमेरिकेत ‘स्पॉन’ या कॉमिकचा दहावा अंक आला. त्यात एक तुरुंग आहे. गजांमधून हातच हात बाहेर आलेले. कुणाच्या मनगटावर पट्टा, कुणाच्या बाहीवर रंग. नाव एकाचंही घेतलेलं नाही, पण कॉमिक वाचणाऱ्याला हे कुठल्या सुपरहीरोंचे हात आहेत ते लगेच कळतं. बाहेर काही माणसं जखडलेली आहेत आणि त्यांच्या डोक्यांवर पिशव्या चढवलेल्या आहेत. या सुपरहीरोंना जन्म देणारे लेखक-चित्रकार ते हेच. आपली पोरं कंपन्यांना विकून बसलेले बाप.

हा अंक लिहिला डेव्ह सिमने आणि काढला टॉड मॅकफार्लेनने. स्पॉन हे मॅकफार्लेनचं पात्र आणि त्याच्या मालकीचंही. त्यामुळे तुरुंगाबाहेर मोकळा फिरणारा हीरो हाच, असा या अंकाचा सूर होता. पुढे मोठ्या पडद्यावर नव्याने यायची पाळी आली तेव्हा घोडं अडलं ते याच मालकीपाशी.

मॅकफार्लेन मूळचा कॅनडातल्या कॅलगरीचा. अमेरिकेत शिकायला आला तो बेसबॉलच्या शिष्यवृत्तीवर, आणि कॉलेजात असतानाच कॉमिक कंपन्यांना चित्रं पाठवत राहिला. नकाराची शेकडो पत्रं आली. तरी तो चिकटून राहिला आणि १९८८ पासून मार्व्हल कंपनीसाठी स्पायडर-मॅन काढू लागला. स्पायडर-मॅनचे डोळे त्याने मोठे केले, अंग रबरासारखं वाकवलं आणि नुसत्या जाळीच्या रेघा असत तिथे पीळ घातलेली सुतळीच काढली. १९९० मध्ये खास त्याच्यासाठी नवी ‘स्पायडर-मॅन’ मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या अंकाच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या. त्याची चित्रं टी-शर्टांवर गेली, पोस्टरांवर गेली. पात्र मात्र कंपनीचं होतं.

१९९१ च्या अखेरीस मॅकफार्लेन, जिम ली, रॉब लीफेल्ड आणि आणखी काही नामवंत चित्रकार मार्व्हलमधून बाहेर पडले. १९९२ मध्ये त्यांनी ‘इमेज कॉमिक्स’ काढलं. नियम साधा होता: जो पात्र निर्माण करेल, तोच त्याचा मालक. इमेजकडे राहणार ते फक्त नाव आणि बोधचिन्ह. (आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षं आधी इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलं होतं. मराठीतून वेताळ आणि मँड्रेक वाचून मोठ्या झालेल्या किती जणांना ली फॉक हे नाव माहीत होतं? या दोघांना जन्म त्याने दिला, पण हक्क किंग फीचर्स सिंडिकेटकडे होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी.) १९९२ च्या मे महिन्यात स्पॉनचा पहिला अंक आला आणि १७ लाख प्रती खपल्या. पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या कॉमिकसाठी असा आकडा कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता.

गोष्ट काळीकुट्ट होती. अल सिमन्स हा सीआयएचा कृष्णवर्णीय मारेकरी. वरिष्ठच त्याचा काटा काढतो आणि तो नरकात पोचतो. बायकोला, वांडाला, पुन्हा एकदा पाहायला मिळावं म्हणून तो मालेबोल्जिया या सैतानाशी सौदा करतो. परत येतो तेव्हा पाच वर्षं उलटलेली असतात. चेहरा जळून ओळखू येईनासा झालेला, बायको जवळच्या मित्राची झालेली, त्यांना एक मुलगी. अंगावर जिवंत असल्यासारखी लाल केप आणि सळसळणाऱ्या साखळ्या आहेत, अंगात अफाट शक्ती आहे, पण ती मोजून दिलेली. पानाच्या कोपऱ्यात आकड्यांची पाटी दिसते, ९:९:९:९ पासून सुरू होणारी, आणि शक्ती वापरली की आकडा उतरतो. शिल्लक संपली की पुन्हा नरक. तो राहतो गल्लीबोळांत, बेघर माणसांमध्ये, आणि ज्यांना मारतो त्यांच्यापेक्षा स्वतः फार चांगला आहे असं त्यालाही वाटत नाही. अँटीहीरो म्हणतात तो हाच.

हॉलिवूड दारात उभं होतंच. मोठ्या स्टुडिओशी बोलणी झाली, पण पात्रावरचा ताबा सोडायला मॅकफार्लेन तयार नव्हता. शेवटी त्याने न्यू लाइन सिनेमाला चित्रपटाचे हक्क दिले ते एका डॉलरला. बदल्यात चित्रपट घडवताना आपलं म्हणणं ऐकलं जावं आणि खेळणी व इतर माल विकायचा हक्क आपल्याकडे राहावा, असं ठरलं. खेळण्यांची कंपनी त्याने १९९४ मध्येच काढली होती. सौदा व्यापारी डोक्याचा होता आणि व्यापार म्हणून तो फसला असं कुणी म्हणणार नाही.

चित्रपट आला १ ऑगस्ट १९९७ ला. दिग्दर्शक मार्क डिपे हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्टच्या प्रसिद्ध कंपनीत घडलेला. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. आधी ७७ इफेक्ट शॉट ठरले होते. ते वाढत वाढत चारशेच्या वर गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त हातात पडले ते प्रदर्शनाला दोन आठवडे उरले असताना. ही घाई पडद्यावर दिसते. केप उलगडते तेव्हा थिएटरात आजही टाळी पडेल. पण पुढच्याच दृश्यात नरक येतो, आणि तिथला मालेबोल्जिया बोलू लागतो तेव्हा आवाज येतो, जबडा मात्र जागचा हलत नाही. व्हिडिओ गेममधून उचलून आणल्यासारखा हा सैतान चाहत्यांना अजून झोपेत दिसत असावा, आणि भीतीने नव्हे.

मायकेल जाय व्हाइटने स्पॉन केला. तासन्‌तास मेकअपच्या खुर्चीत बसून, डोळ्यांत पिवळ्या लेन्स घालून, रबराच्या थरांखाली गुदमरत. मोठ्या अमेरिकन कॉमिकवरच्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीय अभिनेता असणं हे तेव्हा जवळजवळ ऐकिवात नव्हतं. वेस्ली स्नाइप्सचा ‘ब्लेड’ यायला अजून एक वर्ष होतं. स्टुडिओचा धीर मात्र अर्धाच होता. कॉमिकमध्ये टेरी हा स्पॉनचा मित्रही कृष्णवर्णीय आहे. चित्रपटात ती भूमिका गोऱ्या डी. बी. स्वीनीकडे गेली. रेटिंगही किशोरवयीनांना चालेल असं ठेवलं. नरकातून परतलेल्या मारेकऱ्याची गोष्ट, आणि रक्त बेताचं.

पहिल्या शनिवार-रविवारी चित्रपट ‘एअर फोर्स वन’च्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. जगभरातून सुमारे पावणेनऊ कोटी डॉलर आले. खर्च चार कोटींच्या वर होता, त्यामुळे याला आपटला म्हणता येत नाही आणि चालला म्हणायलाही जीभ कचरते. समीक्षकांनी झोडपलं. दुसरा भाग निघाला नाही.

खरा स्पॉन त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर होता. १९९७ च्या मे महिन्यात एचबीओवर प्रौढांसाठीची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. १९९९ पर्यंत तिचे १८ भाग झाले आणि तिला एमी पुरस्कार मिळाला. कीथ डेव्हिडचा खोल, खरखरीत आवाज आणि सावल्यांनी भरलेली चित्रं. अंधाऱ्या गल्लीत नुसतं बसून राहिलेला स्पॉन आणि खांद्यावरून वाहणारी केप, एवढ्यावर या मालिकेत प्रसंगच्या प्रसंग तोलले जात. नव्या चित्रपटाची सगळी आस इथून उगवली. एकाच पात्राची कच्ची नक्कल थिएटरात आणि अस्सल चीज घरच्या टीव्हीवर, हे एकाच उन्हाळ्यात पाहिलेला प्रेक्षक ‘पुन्हा करा’ असं म्हणणारच.

अशी मागणी करणारे एकटे स्पॉनचेच चाहते नव्हते. ब्रिटिश कॉमिकमधला जज ड्रेड हेल्मेट कधीच काढत नाही. १९९५ च्या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलनने ते काढलं आणि चाहत्यांनी ती गोष्ट सतरा वर्षं मनात ठेवली. २०१२ मध्ये कार्ल अर्बनने अख्खा चित्रपट हेल्मेटमध्ये काढला, चाहते खूश झाले, पण तिकीटबारी थंडच राहिली. पनिशरला १९८९, २००४ आणि २००८ अशा तीन वेळा तीन वेगळे चेहरे मिळाले आणि एकही टिकला नाही. डेडपूलची तऱ्हा वेगळी. २०१४ च्या जुलैत त्याची चाचणीसाठी केलेली चित्रफीत बाहेर फुटली, चाहत्यांनी गदारोळ केला, आणि वर्षानुवर्षं फाइल दाबून बसलेल्या फॉक्स स्टुडिओने दोन-तीन महिन्यांत प्रदर्शनाची तारीख जाहीर केली. २०१६ मध्ये ५.८ कोटी डॉलरच्या त्या चित्रपटाने ७८ कोटी कमावले. फक्त प्रौढांसाठीचा, शिवराळ, रक्तबंबाळ कॉमिकपट चालतो हे सिद्ध झालं. २०१९ च्या ‘जोकर’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडल्यावर तर स्पॉनच्या चाहत्यांकडे स्टुडिओला दाखवायला भरपूर पुरावे होते.

अडचण एवढीच की त्यांच्यासमोर स्टुडिओ नव्हताच. समोर होता टॉड मॅकफार्लेन.

२०१७ च्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनमध्ये त्याने जाहीर केलं: नवा स्पॉन ब्लूमहाउससोबत होणार, पटकथा आपली आणि दिग्दर्शनही आपलंच. ब्लूमहाउस म्हणजे कमी पैशांत भयपट काढण्यात मुरलेली कंपनी. ‘गेट आउट’ त्यांनी ४५ लाख डॉलरमध्ये केला होता. मॅकफार्लेनची कल्पनाही त्याच वळणाची होती. खर्च एक कोटीच्या आसपास. स्पॉन बोलणार नाही, क्वचितच दिसणार, ‘जॉज’मधल्या शार्कसारखा, आणि गोष्ट पुढे नेणार ट्विच हा पोलीस. २०१८ च्या मे महिन्यात स्पॉनसाठी जेमी फॉक्सचं नाव जाहीर झालं, जुलैत ट्विचसाठी जेरेमी रेनरचं. फॉक्स तेव्हा पन्नास वर्षांचा होता.

कल्पना चांगली आहे, आणि १९९७ च्या चुकीवरचा उतारा तिच्यातच आहे: कमी दाखवा. पण एवढी मोठी नावं आली की पैसा लागतो, आणि पैसा देणारा विचारतो की याआधी तुम्ही किती चित्रपट दिग्दर्शित केलेत? पूर्ण लांबीचा एकही नाही, हे उत्तर मॅकफार्लेनकडे तेव्हाही होतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पटकथेसाठी नवे लेखक आले. त्यात ‘जोकर’चा सहलेखक स्कॉट सिल्व्हर होता. चाहत्यांची आशा पुन्हा फुगली.

मॅकफार्लेनचा हट्ट चाहत्यांना ठाऊक होता. मार्क मॅग्वायरने विक्रमी ७० व्या होमरनला मारलेला बेसबॉलचा चेंडू त्याने १९९९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलरला घेतला. पुढे तो विक्रम मोडला आणि मॅग्वायरने उत्तेजकं घेतल्याची कबुलीही दिली. विक्रम मोडणाऱ्या बॅरी बाँड्सचा चेंडू लिलावात निघाला, तर मॅकफार्लेनने तोही घेतला.

मालकीच्या या लढवय्याची एक बाजू मात्र चाहते सहसा अवघडूनच सांगतात. दहाव्या अंकाच्या आधीचा, म्हणजे नववा अंक नील गेमनने लिहिला होता. त्यात अँजेला ही स्पॉनची शिकार करणारी देवदूत आली, मध्ययुगातला स्पॉन आला, म्हातारा कोग्लिओस्ट्रो आला. पात्रं लोकप्रिय झाली, खेळणी निघाली, कोग्लिओस्ट्रो १९९७ च्या चित्रपटातही गेला. गेमनचा वाटा किती, यावर वाद पेटला आणि गेमन कोर्टात गेला. २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि २००४ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी तो उचलून धरला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय कोर्टाला पटला नाही. २०१२ मध्ये तडजोड झाली, अँजेला गेमनकडे गेली आणि २०१३ मध्ये मार्व्हलच्या पानांवर उतरली. ज्या कंपनीतून मॅकफार्लेन बाहेर पडला होता, तिथेच.

असं असूनही स्पॉन त्याने विकला नाही, हे मानायलाच हवं. विकला असता तर एव्हाना तीन-चार चित्रपट येऊन गेले असते आणि पनिशरसारखे चेहरे बदलत राहिले असते. चाहत्यांमध्ये यावरून दोन तट आहेत. एकाला वाटतं, मॅकफार्लेनशिवाय स्पॉन नको. दुसऱ्याला वाटतं, त्याने पटकथा द्यावी आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीतून उठावं. दुसऱ्या तटाचं खरं आहे. ज्या ॲनिमेशन मालिकेसाठी चाहते आजही जीव टाकतात, तिच्यावर नाव मॅकफार्लेनचं होतं, पण ती पडद्यावर आणण्याचं काम दुसऱ्यांनी केलं होतं.

दरम्यान चाहत्यांनी मिळेल तिथे तहान भागवली. २०२० मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’ या गेममध्ये स्पॉन आला आणि आवाज पुन्हा कीथ डेव्हिडचा होता. २०२१ मध्ये ‘किंग स्पॉन’च्या पहिल्या अंकासाठी दुकानांनी सुमारे पाच लाख प्रती मागवल्या. त्याआधी, २०१९ मध्ये, मूळ मालिकेने ३०१ वा अंक काढला. निर्मात्याच्याच मालकीच्या सुपरहीरो कॉमिकमध्ये सर्वाधिक काळ चाललेली मालिका म्हणून गिनीजने तिची नोंद केली. तोवर स्वतंत्र कॉमिकचा मैलाचा दगड मानला जायचा तो ३०० अंक चाललेला ‘सेरेबस’, त्या तुरुंगाचा अंक लिहिणाऱ्या डेव्ह सिमचा. स्पॉनचा ३५० वा अंक २०२४ मध्ये आला. चित्रपट तेव्हाही एकच होता, १९९७ चा.