लाहोरी फौज आणि नांदेडचे दखनी शीख

नांदेडच्या जुन्या शीख घराण्यांत फौजेची चाकरी आणि गुरुद्वाऱ्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंबऱ्याआड नांदली. ही घराणी दखनी शीख म्हणून ओळखली जातात. त्यांची मुळे पंजाबात असली तरी घडण गोदाकाठची आहे.

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग 1708 साली बादशहा बहादूरशहाच्या लष्करासोबत दक्षिणेत आले आणि नांदेडला थांबले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना इथेच भेटला, आणि पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढायला गेला. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरूंनी इथेच देह ठेवला. त्याआधी त्यांनी ग्रंथसाहिबालाच यापुढचा गुरू म्हणून गादीवर बसवले. नांदेडच्या संगत साहिब गुरुद्वाऱ्याशी एक आख्यायिका जोडलेली आहे. थकलेला पगार मागणाऱ्या शिपायांना गुरूंनी तिथे ढालीने मोजून धन वाटले, अशी ती आहे. शिपायाचे पोट आणि त्याची श्रद्धा ही कथा वेगळी काढत नाही.

त्यानंतर शतकाहून अधिक काळाने पंजाबातून फौज आली. हैदराबादच्या निजामाचा पेशकार आणि नंतरचा दिवाण चंदुलाल हा स्वतः नानकपंथी होता. त्याच्या आणि लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांच्या समझोत्यातून 1832 च्या सुमारास शीख रिसाले निजामाच्या मुलखात दाखल झाले. हीच लाहोरी फौज, पुढची जमियत-ए-सिखान. सारावसुली, खजिन्याचा पहारा आणि बंदोबस्त ही तिची मुख्य कामे. त्याच काळात, 1832 ते 1837 दरम्यान, गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागेवर रणजितसिंगांच्या पुढाकाराने सचखंड हुजूर साहिबची आजची इमारत उभी राहिली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक.

लाहोर दूर होते आणि परतीची वाट अवघड. त्यामुळे बरेच शिपाई इथेच स्थायिक झाले, अनेकांच्या सोयरिकीही इथल्याच घरांत जुळल्या. शीख धर्म संसार सोडायला सांगत नाही. कष्टाची कमाई, नामस्मरण आणि वाटून खाणे ही त्याची शिकवण प्रपंचातच आचरायची असते. हुजूर साहिबचे मुख्य पुजारी परंपरेने ब्रह्मचारी असतात, पण त्यांच्याभोवतीचा समाज मुलाबाळांत रमलेला. त्याच्या बोलण्यात पंजाबीबरोबर दखनी आणि मराठीही मिसळली. तसे मराठवाड्याशी शीख परंपरेचे नाते त्याहून जुने म्हणावे लागेल. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदे आहेत, आणि नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी नांदेडहून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. लाहोरहून आलेला शिपाई ज्या ग्रंथापुढे डोके टेकवत होता, त्यात याच मातीतला संत आधीपासून होता.

हुजूर साहिबच्या रिवाजांत शिपाईगिरी आजही दिसते. रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचे पाणी गागरीतून तख्तावर आणले जाते. आतल्या अंगीठा साहिबमध्ये गुरूंची मानली जाणारी शस्त्रे आहेत. त्यांचीही सेवा होते, चंदनाचा टिळा लावला जातो. दसऱ्याला आणि होळीनंतरच्या होला मोहल्ल्याला निशाण, घोडे आणि उपसलेल्या तलवारी घेऊन मिरवणूक निघते आणि ठरलेल्या जागी जमाव प्रतीकात्मक हल्ला करत धावतो. पंजाबातल्या आनंदपूरचा होलाही प्रसिद्ध आहे, पण असा हल्ला हे नांदेडचे वैशिष्ट्य.

सालारजंग 1853 मध्ये निजामाचा दिवाण झाला. त्याने महसूल आणि पोलीस यांची नवी व्यवस्था लावली, तशी जमियतसारख्या बिनकवायती फौजांची गरज कमी होत गेली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले आणि जमियतही उरली नाही. फौजी, कुंजीवाले, घडीसाज अशी आडनावे मात्र नांदेडमध्ये आजही ऐकू येतात. 1956 मध्ये हैदराबाद राज्याने नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि कारभार मंडळाकडे गेला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठवाड्याच्या इतिहासात निजाम आणि मुक्तिसंग्राम यांवर पुष्कळ लिहिले गेले. या शिपाई घराण्यांवर त्या मानाने फारच थोडे. त्यांच्याकडचे जुने कागद आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवण्याचे काम आताच व्हायला हवे.