काथवट ते थाळी : सावंतवाडीच्या लाकडाची गोष्ट

आज ताटवाट्यांबद्दल बोलायचंय, पण स्टीलच्या नाही, लाकडाच्या.

आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात लाकूड किती होतं, आठवून बघा. पीठ मळायला काथवट, पोळपाट-लाटणं, ताक घुसळायला रवी, बसायला पाट, करवंटीला दांडी बसवून केलेला डाव. मग अ‍ॅल्युमिनियम आलं, स्टील आलं आणि काथवट माळ्यावर गेली. आता तीच काथवट जरा घासूनपुसून शहरातल्या दुकानात ‘प्रीमियम’ म्हणून मांडलेली दिसते. किंमत वाचताना शून्यं दोनदा मोजावी लागतात.

आपल्या सिंधुदुर्गात लाकडाचं नाव काढलं की सावंतवाडीच आठवते. तिथली चितारआळी तुम्ही पाहिली असेल. लाकडी आंबा, केळं, सीताफळ, वांगं, सगळं टोपलीत रचलेलं. ही फळं पांगाऱ्याच्या लाकडाची करायची पद्धत. पांगारा हलका, मऊ, पटकन कोरता येतो. म्हणजे बघा, जे परसात पिकलं तेच परसातल्या झाडाच्या लाकडात उतरवलं. आजूबाजूचा मुलूख वस्तूत आणायचा, ही कल्पना आज डिझाइनवाले मोठ्या शब्दांत सांगतात. चितारी मंडळींनी ती कुणालाही न विचारता केली.

दुसरी मोठी कला गंजिफाची. गोल, हाताने रंगवलेले, लाख चढवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ या काळात गादीवर होते, आणि संस्थानातल्या कलांना त्यांच्या वेळी चांगला आश्रय मिळाला. पुढे छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले. मग हातचे पत्ते कोण घेणार? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी या कलेचा शोध घेतला, तेव्हा जुनी विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर त्यांना भेटले. राजेसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकले. मग राजवाड्यातच काम सुरू झालं, ते आजही चालतं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पत्त्यांचा खेळ काही परत आला नाही. आज गंजिफा खेळणारी माणसं फार थोडी. पण ते चित्र पत्त्यावरून उठलं आणि ट्रेवर, डब्यांवर, फर्निचरवर जाऊन बसलं, म्हणून हात टिकले. वस्तू बदलली म्हणून कला वाचली. जुनी वस्तू जशीच्या तशी ठेवायचा हट्ट धरला असता, तर संग्रहालयाच्या कपाटात चार पत्ते उरले असते, बस्स.

आता आमच्या गटांचं सांगते. शहरातल्या एका खरेदीदाराने लाकडी थाळ्यांचा नमुना मागितला. म्हणाले, वर वारली काढा, ते खपतं. आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील काकी चटकन म्हणाल्या, “वारली त्येंची. आमच्या हयसर काय कमी आसा?” बरोबरच होतं. वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या आदिवासी बायकांनी लग्नाच्या भिंतीवर काढली, ती त्यांची ओळख. आपण ती उचलून आपल्या थाळीवर विकायची, हे मला तरी पटत नाही.

मग आपलं काय काढायचं? इथे मला फिनलंडमधल्या एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. नाव तापिओ विर्कला, जन्म १९१५. देश लहान, थंड, बर्चच्या जंगलांनी भरलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडवर सोव्हिएत संघाला नुकसानभरपाई देण्याचं ओझं होतं, ते १९५२ मध्ये फिटलं. त्या ओढाताणीच्या काळात विर्कलाने बर्चच्या पातळ पातळ पापुद्र्यांचा प्लायवूड घेतला आणि त्यातून पानाच्या आकाराच्या थाळ्या कोरल्या. गंमत अशी की त्याने पानावर शिरा रंगवल्या नाहीत. थर तिरपे कापले की त्यांच्या कडा रेघांसारख्या दिसतात, त्याच पानाच्या शिरा झाल्या. १९५१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्याला तीन सर्वोच्च बक्षिसं मिळाली, आणि अमेरिकेतल्या एका मासिकाने त्याची थाळी त्या वर्षातली सर्वांत सुंदर वस्तू ठरवली.

पण त्या थाळ्या प्रत्यक्ष घडवणारा सुतार होता मार्टी लिंडक्विस्ट. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? रेखाटणाऱ्याचं नाव जगभर गेलं, घडवणारा मागे राहिला. आपल्या कामात हे होऊ द्यायचं नाही, असं आम्ही बैठकीत ठरवलंय. थाळीच्या पाठीवर कातकाम करणाऱ्याचं आणि तेल-पॉलिश करणारीचं, अशी दोन्ही नावं येतील.

आम्ही नक्षी निवडली ती आपल्या कुणग्यांची. डोंगरउतारावर भाताचे कुणगे वरून पाहिले तर एकात एक वळसे दिसतात ना, तसे. थाळी यंत्रावर गोल फिरतेच, त्यामुळे वळसे सहज निघतात. पहिल्या नमुन्यात ते आतून काढले होते. जेवून बघितलं तर खाचेत भात अडकतो, धुवायला वैताग. मग वळसे बाहेरच्या बाजूला, जिथे हात धरतो तिथे नेले. दिसतात छान आणि पकडही बसते.

लाकूड कोणतं, हा मोठा प्रश्न. पांगारा फळांना ठीक, ताटाला नाही. रोजच्या ओल्या वापराला तो टिकत नाही. शिवण चांगली, वाळताना फारशी वाकत नाही. फणसाचं लाकूड आधी पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं तांबूस तपकिरी होतं, अगदी आपल्या जांभ्याच्या रंगाकडे झुकतं. मात्र फणस आणि आंबा तोडायला परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. वादळात पडलेलं झाड असलं तरी आधी वनखात्यात विचारा. आणि ओलं लाकूड घाईने कातलंत तर महिनाभरात तडा गेलाच समजा.

रंगाचंही नीट ऐका. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळून बसते, तेच ते चकचकीत काम. सुका मेवा ठेवायला उत्तम. पण गरम आमटीने लाख मऊ पडते. म्हणून जेवणाच्या थाळीला आम्ही जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण लावतो. तेल खाण्याचंच घ्या. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस-तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात. आणखी एक, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

किंमत अजून ठरलेली नाही. खरेदीदार म्हणतो, खेड्यातला माल इतका महाग कसा? आम्ही कागदावर सगळं मांडलंय : लाकूड, वाळवण्याचे महिने, कातकाम, तीन वेळा तेल, प्रत्येक बाईची हजेरी. हजेरी कमी करून भाव उतरवायचा नाही, एवढं नक्की. त्यांचं उत्तर आलं की कळवेन.

तोवर एक काम करा. घरात जुनी काथवट, आडणी, लाकडी डाव काही असेल तर त्याचं माप घ्या, कोणत्या लाकडाचं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या. तुटकी असली तरी चालेल.